नक्षीचा हिशेब वेगळा मांडा

पत्र्याच्या पेटीचे बिल एकदा नीट वाचून पाहावे. पत्र्याचे वजन, कापणे, दुमडणे, जोडणे, बिजागऱ्या, कडी-कोयंडा, रंग, हमाली, सगळ्याचे पैसे लावलेले असतात. झाकणावर गोल गोल भोवऱ्यांची चमकदार नक्षी असते. चार पेट्या पाहून गिऱ्हाइकाने हीच पेटी उचलली ती त्या नक्षीमुळे. पण त्या नक्षीचे बिलात नाव नसते. दुकानदार म्हणतो, ते तर डिझाइन आहे, वरून दिले आहे. वरून कोणी दिले? दुकानदाराने नव्हे. ज्या मुलाने पाठ वाकवून तासन् तास एकेक भोवरा पत्र्यावर उठवला, त्याच्या रोजंदारीतून ते दिले गेले.

या पानावर कापडाच्या धंद्याविषयी लिहिले जाते आणि माझाही धंदा कापडाचाच आहे. पत्र्याच्या कामात कापडवाल्याने का नाक खुपसावे, असे कोणी विचारेल. कारण एवढेच, की फिनिशिंगचा भाव काय असतो हे कापडवाल्याइतके कोणाला कळत नाही. कोरे कापड आणि तयार कापड यांत धागा तोच असतो. धुलाई, रंग, खळ, इस्त्री यांनी त्याचा भाव बदलतो, आणि या प्रत्येक कामाचे प्रोसेसवाला वेगळे बिल लावतो. प्रोसेसवाल्याने कधी 'रंग वरून दिला' असे म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

सोलापुरात नई जिंदगी, शास्त्रीनगर, विजापूर वेस या भागांत घराच्या पुढच्या खोलीत किंवा बोळात ड्रिल मशीन मांडून पत्र्याची लहानसहान कामे करणारी आपली मुले बरीच आहेत. कोणी पेट्या बनवतो, कोणी कूलरच्या बॉडी, कोणी भेळेच्या आणि चहाच्या गाड्यांना स्टीलचा पत्रा चढवून देतो, कोणी रिक्षाची सजावट करतो. त्यांच्यातल्या ज्याला ही भोवऱ्याची नक्षी जमते त्याच्याकडे काम जास्त येते, हे खरे. पण काम जास्त येणे आणि पैसा जास्त मिळणे या दोन गोष्टी एक नव्हेत. बहुतेकांचा धंदा पहिल्या गोष्टीवरच अडून बसला आहे.

ही नक्षी कशी होते हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर लिहितो. ड्रिल मशीनमध्ये बरम्याऐवजी एक गोल दांडा बसवतात. दांड्याच्या टोकाला घासणारी वस्तू असते. तारेचा ब्रश चालतो, नमदा चालतो, रबर चालते. घरी करणारा तर भांड्याची हिरवी घासणी गोल कापून लाकडी दांड्याच्या तोंडाला चिकटवतो आणि तेही चांगले चालते. नमदा किंवा लाकूड असेल तर पत्र्यावर तेलात कालवलेली घासाची पावडर लावावी लागते. मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात व्हॉल्व्ह घासायची पेस्ट मिळते, तीही उपयोगी पडते. फिरता दांडा पत्र्यावर एक-दोन सेकंद टेकवायचा आणि उचलायचा. तिथे बारीक वर्तुळाकार ओरखड्यांचा एक ठसा उमटतो. मग पत्रा थोडा सरकवायचा आणि पुढचा ठसा असा द्यायचा की तो आधीच्या ठशाचा साधारण अर्धा भाग झाकील. एक ओळ झाली की दुसरी ओळ पहिलीचा अर्धा भाग झाकत जाते. शेवटी माशाच्या खवल्यांसारखी रचना तयार होते. प्रत्येक ठशाचे ओरखडे वर्तुळात असल्यामुळे प्रकाश त्याच्यावर पंख्यासारखा पसरतो आणि पाहणारा चालू लागला की ते पंखे त्याच्याबरोबर फिरतात. पत्रा मात्र सपाटच असतो, त्यावर हात फिरवला तर काही लागत नाही.

ऐकायला सोपे आहे. पण पन्नास ठसे दिल्यावर खरी परीक्षा सुरू होते. अंतर सारखे हवे, म्हणून मशीनच्या टेबलावर लाकडी पट्टी ठोकून तिला अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके पाडतात आणि खिळा एकेक भोक पुढे सरकवत जातात. दाब सारखा हवा, नाहीतर एक ठसा गडद आणि एक फिका येतो. मशीनला खाली येण्याची हद्द बांधून ठेवली आणि दांड्याला स्प्रिंग दिली तर हे बरेच साधते. प्रत्येक ओळ एकाच बाजूने सुरू झाली पाहिजे. एक ओळ डावीकडून आणि दुसरी उजवीकडून घेतली तर खवले उलटसुलट दिसतात आणि सगळा पत्रा विस्कटल्यासारखा होतो. घासणी झिजली की ठसा लहान होतो, तेव्हा ती वेळेवर बदलावी लागते. जास्त दाबले तर घासणी तापते आणि स्टीलवर पिवळट डाग येतो. सगळ्यात वाईट म्हणजे मधला एखादा ठसा चुकला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही. पुढचा प्रत्येक ठसा मागच्यावर चढलेला असतो, त्यामुळे चुकीपासून पुढचे सगळे पुन्हा करावे लागते. मागावर मध्येच चूक झाली तर विणकराला तिथपर्यंत उसवत यावे लागते, तसाच हा प्रकार आहे.

आता हिशेब. एक इंची ठसा आणि अर्ध्या इंचाचे अंतर धरू. एक फूट लांब, एक फूट रुंद पत्र्यावर एका ओळीत २४ ठसे बसतात आणि अशा २४ ओळी होतात. म्हणजे ५७६ ठसे. टेकवायला दोन सेकंद, उचलून पत्रा सरकवायला तीन सेकंद, असे ठशाला पाच सेकंद धरले तर एका चौरस फुटाला ४८ मिनिटे लागतात. यात चहा नाही, घासणी बदलणे नाही, वीज जाणे नाही. दोन फूट बाय दीड फुटाच्या पेटीचे झाकण घेतले तर १७२८ ठसे आणि दोन तास चोवीस मिनिटे. आठ बाय चारचा अख्खा पत्रा कोणी करायला घेतला तर १८,४३२ ठसे, म्हणजे साडेपंचवीस तासांहून जास्त काम, तीन दिवस पूर्ण.

हे आकडे कारागिराने एकदा स्वतः कागदावर मांडावेत. 'थोडी नक्षी मारून दे' असे दुकानदार सहज म्हणून जातो आणि मुलगाही मान डोलावतो. त्या 'थोड्या'त अडीच तास असतात हे दोघांपैकी कोणीच बोलत नाही.

इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडे पॉवरलूमवर मजुरीने कापड विणून देणारा आपला दर पिकावर ठरवतो. आडवा धागा एकदा टाकला की एक पिक. इंचात पिक किती, त्यावर मीटरची मजुरी निघते. कापड दाट असेल तर पिक जास्त आणि मजुरीही जास्त. व्यापारी घासाघीस करतो ती दरावर करतो, पिक मोजायचेच नाहीत असे म्हणण्याची कोणाची हिंमत नाही. भिंगातून मोजून घेता येते, वाद मिटतो. पत्र्यावरची ही नक्षी तर भिंगाशिवाय मोजता येते. तिचा भावही ठशावर ठरला पाहिजे, आणि आपल्याकडची जुनी सोय वापरून शेकड्यावर ठरला पाहिजे. शंभर ठशांना आठ मिनिटे वीस सेकंद लागतात. कारागिराने आपल्या तासाची किंमत उदाहरणादाखल १०० रुपये धरली तर शेकड्याला सुमारे १४ रुपये होतात. त्या हिशेबाने चौरस फुटाला ८० रुपये आणि वर सांगितलेल्या झाकणाला २४० रुपये नुसती मजुरी. घासणी, पेस्ट, लॅकर, वीज वेगळी. ज्याचा हात बसला आहे तो तासाचे १५० धरील, शिकाऊ ६० धरील. आकडा ज्याने त्याने ठरवावा, पण मोजण्याची रीत सगळ्यांची एक असावी. मग गिऱ्हाइकाला स्वस्तात हवे असेल तर कारागीर त्याला सरळ सांगू शकतो, की ठसे पाऊण इंचावर घेऊ. चौरस फुटाला ५७६ ऐवजी २५६ ठसे बसतील, काम निम्म्याहून कमी होईल, नक्षी जरा विरळ दिसेल. गिऱ्हाईक विरळ निवडील किंवा दाट निवडील. आपली मजुरी कापून दाट नक्षी देण्याची पाळी कारागिरावर येणार नाही.

धातूला रूप देणे हा आपल्याकडे नेहमीच स्वतंत्र आणि पैसे घेऊन करण्याचा हुन्नर होता. महाराष्ट्रात शिकलगार बिरादरी आहे. हा शब्द कुठून आला हे किती जणांना माहीत आहे? अरबीत 'सैकल' म्हणजे धातूला घासून दिलेली झळाळी. ती देणारा तो सैकलगर, आणि आपल्या बोलीत शिकलगार. तलवार घडवणारा वेगळा आणि तिला पाणी चढवून आरशासारखी करणारा वेगळा. दुसऱ्याचे काम इतके मोलाचे समजले गेले की त्यावरून एका अख्ख्या बिरादरीचे नाव पडले. काच येण्याआधी आरसेही फौलादाचे असत आणि त्यांनाही सैकल करावी लागे. उर्दू शाळेत शिकलेल्यांना हे ठाऊक असेल, कारण गालिबच्या शायरीत आरसा, सैकल आणि जौहर हे शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. जौहर म्हणजे धातूच्या पृष्ठभागावर उमटणारे बारीक तरंग. आज शिकलगार म्हटले की लोकांना चाकू-कात्रीला धार लावणारा एवढेच आठवते.

सोलापूरहून पूर्वेला बिदर. सीमेपलीकडचा हा जिल्हा, पण भालकी, औराद, बसवकल्याणकडे मराठी घराघरात आहे आणि आपल्या लोकांची तिकडे सोयरीकही आहे. तिथली बिदरी पाहा. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात, त्यावर छिन्नीने नक्षी कोरतात, कोरलेल्या जागेत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात आणि शेवटी बिदरच्या जुन्या किल्ल्यातल्या मातीत नवसागर मिसळून त्या पाण्यात भांडे उकळतात. जस्त काळे पडते, चांदी पांढरी राहते. जस्ताच्या त्या भांड्याला नुसते भांडे म्हणून काय किंमत आली असती? पण बिदरीवाला आपले काम 'वरून' देत नाही. नक्षी जितकी बारीक तितकी किंमत वर जाते आणि घेणाराही ते जाणून असतो. २०२३ साली बिदरचे कारागीर शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली, ती याच कामासाठी. बिदरीला भौगोलिक चिन्हांकनही मिळालेले आहे, जसे आपल्या सोलापुरी चादरीला आहे.

पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी हे दुसरे उदाहरण, आणि ते आपल्या विषयाच्या जास्त जवळचे. पेशव्यांच्या काळात कोकणातून आलेले हे तांबट तांब्याच्या पत्र्यावर मठारकाम करतात. हातोडीचे एकसारखे, एकमेकांना लागून घाव घालत जायचे. पत्र्यावर गोल खळ्यांच्या ओळी उठतात, तांबे कणखर होते आणि झळकते. बंब, हंडे, घागरी या कामावर चालत. स्टील, प्लॅस्टिक आले, बंब गेले आणि आळीतली ठोकठोक कमी झाली. पण जी टिकली ती कशामुळे? गेल्या काही वर्षांत त्याच मठारलेल्या तांब्याचे दिवे, ताटे, पेले, शोभेच्या वस्तू शहरांत विकल्या जाऊ लागल्या. आता गिऱ्हाईक पैसे देतो ते हातोडीच्या त्या खुणांचे. नुसते तांबे त्याला कुठेही मिळते.

कोणी म्हणेल, बिदरी कुठे आणि कूलरचा पत्रा कुठे. बरोबर आहे, दोन्ही सारखे नाहीत. भोवऱ्याची नक्षी सहा महिन्यांत शिकता येते, बिदरीला उमर जाते. पण आपली नक्षी हलकी समजण्याचेही कारण नाही. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग एकट्याने न्यूयॉर्कहून विमान उडवून अटलांटिक महासागर ओलांडून पॅरिसला उतरला. त्याचे 'स्पिरिट ऑफ सेंट लुईस' हे विमान वॉशिंग्टनच्या संग्रहालयात ठेवलेले आहे. त्याच्या नाकावरचा ॲल्युमिनियमचा सगळा पत्रा याच भोवऱ्यांनी भरलेला आहे. वजन वाचवण्यासाठी लिंडबर्गने रेडिओ घेतला नाही, पॅराशूट घेतले नाही. विमान साधारण दोन महिन्यांत घाईने बांधले गेले. तरी पत्र्यावर एकेक ठसा देत बसायला कारखान्यात वेळ काढला गेला. भारी स्विस घड्याळे उघडली तर आतल्या पट्ट्यांवरही हेच बारीक भोवरे दिसतात, जे मालकाला एरवी कधी दिसतही नाहीत. ते करणाऱ्याला त्याचे पैसे मिळतात आणि घड्याळाच्या किमतीत ते धरलेले असतात.

आता बाजारातली अडचण. दुकानदार सांगतो की कंपनीचा डिझाइनचा पत्रा तयार मिळतो, लिफ्टच्या दारांना लावतात तसा, मग तुझा शेकडा कशाला? हा मुद्दा खोटा नाही. आठ बाय चारचा अख्खा पत्रा हाताने करून कंपनीशी भाव लावू पाहणारा बुडेल. तिथे जाऊच नये. पण तयार पत्रा कापला की नक्षीही कापली जाते. कडेला अर्धा भोवरा, कोपऱ्यात पाव भोवरा, जोडावर ओळ चुकलेली. हा फरक सोलापूरकराला समजावून सांगायला नको. ताग्यातून कापलेले कापड आणि मापाने विणलेली चादर यांत हाच तर फरक आहे. चादरीला चारी बाजूंना किनार असते आणि बुट्टा मध्यभागी बरोबर येतो, कारण ती चादर म्हणूनच विणलेली असते. घरातला कारागीर झाकणाच्या मापाने ठसे बसवून देऊ शकतो. कडेला लहान ठशांची किनार, मध्ये नाव घालण्यासाठी मोकळी पट्टी, कुलपाभोवती गोल रचना. कंपनी हे एका पेटीसाठी करणार नाही. मापाचे, एक-एक नगाचे, लहान आकाराचे काम हीच आपली जागा. लग्नातल्या पेट्या, दागिन्यांचे डबे, दुकानाच्या पाट्या, घरावरच्या नावाच्या पाट्या, चहाच्या गाडीचा दर्शनी भाग, जुन्या स्कूटर-मोटारीचे भाग चमकवून घेणारे हौशी लोक.

दुसरा माल आहे स्टिकरचा. या नक्षीचे हुबेहूब छापील चिकटपट्टे मिळतात. पत्र्यावर चिकटवले की लांबून फरक कळत नाही. सोलापुरात आपण छापील बुट्टा आणि विणलेला बुट्टा या भांडणात आयुष्य काढले आहे. बाहेरगावची स्वस्त चादर 'सोलापुरी' म्हणून विकली जाते तेव्हा आपण तक्रार करतो. मग आपल्याच मोहल्ल्यातला एखादा मुलगा स्टिकर लावून 'हाताचे काम' म्हणून विकत असेल तर तेही तेवढेच वाईट. स्टिकर विकावा, स्टिकर म्हणून विकावा. गिऱ्हाइकाला ओळख सांगून ठेवावी, की खरा भोवरा पाहणाऱ्याबरोबर फिरतो आणि छापलेला जागच्या जागी राहतो.

याहून मोठी फसवणूक धातूत होते. नक्षीखाली काय आहे हे गिऱ्हाइकाला दिसत नाही. ३०४ नंबरचे स्टील सांगून २०२ नंबरचे लावतात. २०२ मध्ये निकेल कमी असते, ते स्वस्त असते आणि सोलापूरच्या खाऱ्या पाण्याला लवकर डागाळते. चुंबक लावून या दोघांतला फरक भरवशाने कळत नाही, म्हणून फसवणे सोपे. कोणी साध्या लोखंडी पत्र्यावर भोवरे काढून वरून लॅकर मारतो आणि स्टील म्हणून देतो. पहिल्या पावसाळ्यात लॅकरखालून तांबूस डाग येतात. पैगंबर मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आत धान्य ओले लागले, तेव्हा ओले धान्य वर का ठेवले नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग आपल्याकडे प्रत्येक व्यापाऱ्याने ऐकलेला असतो. नक्षी हे वरचे कोरडे धान्य होता कामा नये. बिलावर पत्र्याचा नंबर आणि जाडी लिहावी. जो लिहील त्याला आपला नक्षीचा दरही ताठ मानेने लिहिता येईल.

लहान ओरखडे या नक्षीत बुजतात, ते ठीक आहे, तो तिचा गुण आहे. पोचा मात्र बुजत नाही, उलट प्रकाश तिथे मोडतो आणि जास्त दिसतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर ही नक्षी कोणी सांगितली तरी करू नये. घासले की जस्त निघून जाते आणि ज्यासाठी तो पत्रा घेतला तेच संपते. कूलरच्या बॉडीवर हा उद्योग करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. पितळ, ॲल्युमिनियम आणि लोखंड यांना काम झाल्यावर आधी रॉकेलने किंवा थिनरने, मग साबणाने धुऊन, पूर्ण वाळवून लॅकर मारावा. बोट लागले तरी लॅकरखाली डाग राहतो. चांगल्या स्टीलला लॅकरची गरज नाही. धान्याच्या कोठीला नक्षी फक्त बाहेरून करावी, कारण पेस्टचे कण आत राहणे बरे नव्हे.

घरात कारखाना चालवायचा म्हणजे घरची शिस्त पाळावी लागते. फिरत्या दांड्याजवळ हातमोजे घालू नयेत, दांडा मोजा ओढतो आणि मोज्याबरोबर बोटही ओढतो. कुर्त्याची बाही, गळ्यातला रुमाल, ओढणी यांचेही तेच. डोळ्यांवर चष्मा हवा. पत्रा हाताने धरू नये, लाकडी फळीवर शिकंजाने आवळावा. एकदा पत्रा गरगर फिरला की त्याची कड सुरीसारखी चालते. लहान मुले शाळेत असतील तेव्हा काम करावे. ओली पेस्ट वापरली तर धूळ उडत नाही आणि शेजारी भांडत नाहीत, हा आणखी एक फायदा.

भांडवल फार लागत नाही. स्टँडचे ड्रिल मशीन, शिकंजे, एक लाकडी टेबल. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत. पत्र्याच्या नक्षीचा त्यात वेगळा उल्लेख नाही, पण लोहार, कुलूप बनवणारे, हातोडी व अवजारे बनवणारे यांचा आहे आणि ज्यांचे खरोखरच ते काम आहे त्यांनी चौकशी करावी. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो. योजनेतल्या कर्जाला व्याज आहे, त्यामुळे ज्याला नको त्याने ते घेऊ नये. पण अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची जी मदत आहे ती कर्ज नाही, ती परत करायची नसते. दोन्ही एकच समजून आपले बरेच लोक दारावरूनच परत फिरतात.

उधारीविषयीही एक शब्द. कापडाच्या बाजारात उधारी आहे, ती सुटणार नाही. पण व्यापारी उधारी मालावर सहन करतो, कारण त्याच्याकडे पुढचा माल असतो. ज्याच्याकडे विकायला फक्त स्वतःचे तास आहेत त्याने नक्षीची मजुरी उधार ठेवू नये. पत्र्याचे पैसे महिन्याने मिळाले तर चालवून घेता येईल, कारण पत्रेवालाही थांबतो. १७२८ ठसे देणाऱ्याला वीज मंडळ थांबत नाही. बिलात नक्षीची ओळ वेगळी असली की हेही सोपे होते. 'एवढे आज द्या, बाकीचे नंतर' असे बोट ठेवून सांगता येते.

सुरुवात कशी करावी असे मला दोघा-तिघांनी विचारले. सहा इंच बाय सहा इंचाचे तीन तुकडे करावेत. एक दाट, अर्ध्या इंचाचा, १४४ ठशांचा. एक विरळ, पाऊण इंचाचा, ६४ ठशांचा. आणि एक पाव इंची किनार असलेला. प्रत्येकाच्या मागे पत्र्याचा नंबर, जाडी, ठशांची संख्या आणि मजुरी पक्क्या शाईने लिहावी. कापडवाला नमुन्याचे पुस्तक घेऊन फिरतो तसे हे तीन तुकडे पिशवीत घालून लग्नसराईच्या दोन महिने आधी पेट्यांच्या दुकानांतून फिरावे. तुकडे दुकानात ठेवून येऊ नयेत, परत आणावेत. जो दुकानदार तुकडा पालथा करून मागचा आकडा वाचील त्याच्याशी पुढचे बोलणे करावे.